पाहुण्यांचा हक्क

भिवंडी-वाडा रस्त्याला अंबाडी नाक्यापासून शहरापर्यंत संध्याकाळी चायनीजच्या ज्या गाड्या लागतात, त्यांतल्या बहुतेकांवर एक शब्द हमखास रंगवलेला असतो. हक्का. व्हेज हक्का, चिकन हक्का, शेजवान हक्का. आमच्या वर्गातली मुले 'कृतज्ञता' लिहिताना अडखळतात, पण 'हक्का नूडल्स' बिनचूक लिहितात. मागच्या महिन्यात आम्ही वर्गात या शब्दाचा अर्थ विचारला. कोणी म्हणाले, सर, लांब शेवया म्हणजे हक्का. कोणी म्हणाले, कमी तिखट म्हणजे हक्का. मागच्या बाकावरून एक उत्तर आले, "हक्काने खायचे ते हक्का." वर्ग हसला.

हक्का हे मुळात पदार्थाचे नाव नाही, माणसांचे आहे. दक्षिण चीनमध्ये हक्का नावाचा मोठा समाज आहे. त्यांचे पूर्वज उत्तरेकडून लढाया आणि दुष्काळांना कंटाळून टप्प्याटप्प्याने दक्षिणेत उतरले. आधीपासून राहणाऱ्यांनी त्यांना नाव दिले हक्का, म्हणजे 'पाहुणी कुटुंबे'. शेकडो वर्षे तिथेच शेती केली, तिथेच मेले, तरी नाव पाहुणेच राहिले. त्यांच्यातले पुष्कळजण पुढे कोलकात्यात आले, चामडे कमावण्याच्या आणि चपला-बूट शिवण्याच्या धंद्यात शिरले. त्यांच्या घरच्या शेवया त्यांच्या नावाने देशभर पसरल्या आणि आपल्या नाक्यापर्यंत पोचल्या.

वाचकहो, ज्यांचे अन्न आपण आठवड्यातून एकदा तरी खातो, त्या लोकांची आपल्याला किती माहिती आहे? चीन देशाबद्दल आम्ही विचारत नाही. आपल्याच मुंबईत चार-पाच पिढ्या राहिलेल्या चिनी कुटुंबांबद्दल विचारतो आहोत. या महिन्यात त्यांच्या मोहल्ल्यात जाऊ या.

डॉकयार्ड रोडला उतरल्यावर

भिवंडीहून ठाणे, ठाण्याहून धिम्या लोकलने सँडहर्स्ट रोड, तिथे जिना चढून वरच्या फलाटावर हार्बरची गाडी, की पुढचेच स्टेशन डॉकयार्ड रोड. आम्ही घरची पाच माणसे एका रविवारी सकाळी गेलो. माझगाव हा मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक. इथे गोदी आहे, माथारपाखाडीची जुनी ख्रिस्ती घरे आहेत, पहिल्या आगाखानांचा हसनाबाद मकबरा आहे, कोकणी मुसलमानांची वस्ती आहे. नवाब टँक रोडवर याच गर्दीत एक लहानसे दुमजली चिनी मंदिर आहे. नाव सी यिप.

सी यिप म्हणजे 'चार तालुके'. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या, आपण ज्याला कँटनकडचा मुलूख म्हणतो तिथल्या, चार तालुक्यांची माणसे जहाजांवर कामाला लागून जगभर गेली. जी मुंबईला उतरली, त्यांनी १९१९ साली ही वास्तू उभी केली. खालच्या मजल्यावर दयेची देवी क्वान यिन. वर क्वान कुंग, हा चीनच्या इतिहासातला खराखुरा सेनापती, इसवी सन २२० मध्ये मारला गेला. दिल्या शब्दाला जागणारा म्हणून चिनी माणूस त्याला मानतो. परमुलखात व्यापार आणि नोकरी करणाऱ्यांनी शब्द पाळण्याचे प्रतीक जवळ ठेवावे, हे समजण्यासारखे आहे.

अशा जागा आपल्याला अनोळखी नाहीत. कोकणातल्या गावागावांच्या जमातींनी डोंगरी-माझगाव भागात खोल्या घेतल्या होत्या. गावचा तरुण जहाजावर नोकरी शोधायला आला, की जमातीच्या खोलीत पथारी टाकायचा, गावच्या बोलीत बोलायचा, आजारी पडला तर कोणीतरी पेज द्यायचे. सी यिपचे खलाशीही तेच शोधत आले होते.

घरातून निघताना आमच्या धाकटीने विचारले होते, "अब्बा, आपण मंदिरात कसे जायचे?" तिला सांगितले ते इथेही सांगतो. पूजा त्यांची, पाहणे आपले. विचारून आत जायचे, चपला काढायच्या, आवाज खाली ठेवायचा, फोटो काढण्याआधी परवानगी घ्यायची. ज्याच्या घरी पाहुणे जातो, त्याच्या घरची अदब पाळायची. त्या दिवशी आत आमच्याशिवाय कोणी नव्हते. उदबत्त्यांचा वास होता, लाल रंग होता, आणि खालून माझगावच्या रस्त्याचा आवाज येत होता.

गर्दी होते ती चिनी नववर्षाला. हा दिवस २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधीतरी येतो. मुलांना हा हिशेब समजावून सांगण्यासारखा आहे. आपले हिजरी साल निव्वळ चंद्रावर चालते, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि सगळे ऋतू फिरतो. चिनी साल चंद्रावर चालते, पण मराठी पंचांगासारखा अधिक महिना घालून ऋतूला धरून राहते. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांचा पूर्वजांच्या कबरी साफ करण्याचा दिवस असतो. मुंबईतल्या चिनी लोकांचे कबरस्तान अँटॉप हिलला आहे.

आधीचे चिनी

मुंबईचे चिनी काही फक्त माझगावात नव्हते. कामाठीपुऱ्यातल्या शुक्लाजी स्ट्रीटच्या आसपास त्यांची मोठी वस्ती होती. धंदे ठरलेले होते. कोणी सुतार, कोणी चांभार. हुबे प्रांतातले दात बनवण्याच्या कामात पटाईत, म्हणून 'चिनी डेंटिस्ट' ही पाटी मुंबईच्या जुन्या लोकांच्या ओळखीची. शांडोंगकडचे लोक रेशमी कापडाचे गाठोडे घेऊन दारोदार फिरत. पुढे बायकांनी ब्युटी पार्लर काढली. चर्चगेटला कॅमलिंग, कुलाब्याला नानकिंग अशी हॉटेले निघाली, तिथे त्या काळी साहेबलोक आणि पैसेवाले जात.

त्याच्याही आधी चिनी माणूस महाराष्ट्राच्या डोंगरात पोचला होता, आणि तोही बेड्या घालून. इंग्रजांनी १८३४ च्या सुमारास महाबळेश्वरला तुरुंग बांधला. सिंगापूर-पेनांगकडच्या वसाहतींतून आणलेले चिनी आणि मलाय कैदी त्यात ठेवले. त्यांनी रस्ते केले, बटाटे आणि विलायती भाज्या पिकवल्या, वेताच्या टोपल्या विणल्या. तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला. महाबळेश्वरला चायनामन नावाचा धबधबा आहे, त्याचे नाव यांच्यावरून पडले. शाळांच्या सहली दरवर्षी तिथे जातात, मुले फोटो काढतात, नावाचे कारण फारसे कोणी सांगत नाही.

शुक्लाजी स्ट्रीटबद्दल आणखी एक गोष्ट ऐकू येते, तिथल्या अफूच्या अड्ड्यांची. 'चिनी म्हणजे अफूबाज' ही म्हण झाली होती. पण अफू चीनमध्ये पोचली कुठून? माळव्याची अफू मुंबई बंदरातून कँटनला जात होती. इंग्रजांच्या आश्रयाने हा व्यापार करणाऱ्यांत मुंबईचे सगळ्या जातिधर्मांचे शेठ होते. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पेढीत त्यांच्याबरोबर मोतीचंद अमीचंद आणि महंमद अली रोगे हे भागीदार होते. रोगे कोकणी मुसलमान, जहाजांचे मालक, शहरात मोठी इज्जत. चीनच्या बादशाहाने अफू बंद करायचा प्रयत्न केला, तेव्हा इंग्रजांनी १८३९ ते १८४२ युद्ध केले आणि हाँगकाँग घेतले. विकणारे दानशूर ठरले आणि पिणारे बदनाम झाले. आपल्या समाजाचा इतिहास मुलांना अभिमानाने सांगताना हे पानही उलटून दाखवावे, असे आम्हाला वाटते. त्याने अभिमान कमी होत नाही, खरा होतो.

मंच्युरियनचा गाव

आता पोटाकडे वळू. मंच्युरिया हा चीनच्या ईशान्येकडचा प्रदेश आहे. तिथे कोणालाही मंच्युरियन माहीत नाही. ते जन्मले मुंबईत. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे स्वयंपाकी नेल्सन वांग यांनी सांगितलेली हकीकत अशी: १९७५ साली ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करत होते. एका गिऱ्हाइकाने काहीतरी नवे मागितले. त्यांनी आपल्या पद्धतीने आले, लसूण, हिरवी मिरची चिरून परतली, पण गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लॉवरने रस्सा दाट केला आणि त्यात कोंबडीचे तळलेले तुकडे सोडले. मसाला काढलेला कोंबडीचा रस्साच तो, चिनी कपडे घातलेला. कोबी-गाजराचे गोळे, गोबी मंच्युरियन, चायनीज भेळ, ट्रिपल शेजवान ही सगळी त्याची पुढची बाळे.

मूळ कँटनी स्वयंपाकात तिखट जवळजवळ नसते. मासा वाफवायचा, वर आले आणि कांद्याची पात, थोडा सोया सॉस, बस. माशाची चव माशाची राहिली पाहिजे. आमच्या घरी हे करून पाहिले. पापलेट घेतले, दहा मिनिटे वाफवले. अम्मींनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "आजाऱ्याला द्यायला बरं हाय." मुलांनी मात्र काटेसुद्धा चाटले.

शेजवान म्हणजे सिचुआन प्रांत. तिथले जेवण खरोखर तिखट, पण त्याची खरी ओळख मिरची नव्हे. तिथे एक लहान फळ मसाल्यात घालतात, त्याने जीभ झिणझिणते, बधिर होते. कोकणातल्या बायकांना हे वाचून काही आठवले का? तिरफळ. बांगड्याच्या कालवणात आपण ठेचून टाकतो तेच. सिचुआनचे ते फळ आणि आपले तिरफळ ही एकाच कुळातली झाडे आहेत. आपल्या शेजवान चटणीत मात्र ते नसते. तिच्यात लाल मिरची, लसूण आणि तेल असते. म्हणजे खऱ्या सिचुआनच्या जास्त जवळ आपल्या आजीचे बांगड्याचे कालवण आहे, नाक्यावरचा शेजवान राइस नाही.

काही भगिनींनी पत्रातून विचारले आहे, की बाहेर चायनीज खाताना हलालचे काय पाहावे. आम्ही जे विचारतो ते असे. गोश्त कुठून येते. कढई आणि तेल डुकराच्या मांसासाठी वापरतात का, कारण मोठ्या हॉटेलांत ते पदार्थ असू शकतात. रश्शात तांदळाची दारू घालतात का, चिनी स्वयंपाकात ती सर्रास वापरतात. ऑयस्टर सॉस शिंपल्याचा असतो, त्याचे उत्तर शाफई आणि हनफी घरांत वेगळे येईल, तेव्हा आपल्या आलिमांना विचारावे. अजिनोमोटोत डुकराची चरबी असते, अशी अफवा दर दोन वर्षांनी फिरते. ही चवीची पूड १९०८ साली इकेदा नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने समुद्री शेवाळातून शोधली. शंका असेल तर पाकिटावरची हलालची खूण पाहावी.

आणि हेही मुलांना सांगावे, की चिनी जेवण आणि हलाल जेवण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. चीनमध्ये हुई मुसलमान एक कोटीच्या आसपास आहेत. त्यांच्या खानावळीवर 'छिंगचेन' लिहिलेले असते, अर्थ 'पाक आणि सच्चे'. लांझौ शहरातल्या, हाताने ताणून केलेल्या शेवया आणि बैलाच्या गोश्तचा रस्सा ही याच लोकांची देणगी, साऱ्या चीनला सकाळच्या नाश्त्याला लागणारी. १४०५ पासून जहाजांचे ताफे घेऊन आपल्या मलबार किनाऱ्यावर आलेला चिनी दर्यासारंग झंग ह मुसलमान घरातला होता.

१९६२

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो, ती. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चिनी जखमींची सेवा करायला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ साली चित्रपट काढला, त्याची कथा ख्वाजा अहमद अब्बास यांची. सारा देश तो पाहून रडला. त्यानंतर सोळा वर्षांनी, २० ऑक्टोबर १९६२ ला चीनशी युद्ध सुरू झाले. महिनाभरात ते संपले. इथल्या चिनी माणसांचे युद्ध मात्र तेव्हा सुरू झाले.

सुमारे तीन हजार माणसांना धरून राजस्थानातल्या देवळी इथल्या छावणीत ठेवले गेले. त्यांतले बहुतेक आसाम, दार्जिलिंग, बंगालकडचे. म्हातारे, गरोदर बाया, शाळेत जाणारी मुले. कोणावर खटला नाही, गुन्हा नाही. चेहरा आणि आडनाव एवढेच कारण. पुष्कळांचा जन्म इथला होता, त्यांनी चीन डोळ्यांनी पाहिला नव्हता. शेवटचे लोक सुटले १९६७ मध्ये. परत आले तर कोणाचे घर लिलावात गेलेले, कोणाचे दुकान दुसऱ्याच्या नावावर. दिलीप डिसूझा आणि जॉय मा यांनी २०२० साली या लोकांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, 'द देवळीवालाज'. जॉय मा यांचा जन्मच त्या छावणीतला.

मुंबईच्या चिन्यांनाही पोलिसांत नोंद करावी लागली. नोंदवलेला पत्ता सोडून एका दिवसापेक्षा जास्त बाहेर राहायचे, तर परवानगी लागायची. म्हणजे मुलीच्या लग्नाला पुण्याला जायचे तरी आधी पोलीस ठाणे. अनेक कुटुंबे कॅनडा-ऑस्ट्रेलियाला निघून गेली. जी राहिली, त्यांतल्या कित्येकांना नागरिकत्वाचा कागद मिळायला पुढे अनेक वर्षे गेली. नवाब टँक रोडच्या मंदिरात रविवारी शांतता का असते, त्याचे निम्मे उत्तर इथे आहे.

ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देता येत नाही. २०२० साली करोना आला, तेव्हा मणिपूर-नागालँडच्या मुलामुलींना आपल्या शहरांत 'करोना' म्हणून हाका मारल्या गेल्या. त्याच जून महिन्यात गलवानला आपले वीस जवान शहीद झाले, आणि केंद्रातल्या एका मंत्र्यांनी चायनीज पदार्थ विकणारी हॉटेले बंद करा, असे सांगितले. अंबाडी नाक्यावरची गाडी चालवणारा मुलगा जौनपूरचा. कोबी वाड्याकडचा, कोंबडी भिवंडीची, चटणी त्याच्या भावाने वाटलेली. त्या गाडीत चीनचे काय होते? फक्त पाटी.

देश दुसरीकडे भांडतो आणि हिशेब शेजाऱ्याला मागितला जातो. आपल्या घरांत हे समजावून सांगावे लागत नाही. सीमेवर काही झाले, की स्टाफरूममध्ये नजरा कोणाकडे वळतात, हे आमच्यासारख्या शिक्षकांना ठाऊक आहे. म्हणूनच आमचे म्हणणे असे, की ज्याला हा अनुभव आहे त्याने तरी दुसऱ्यावर तो आणू नये. आपली मुले चपट्या नाकाच्या मुलाला 'चिंकी' म्हणतात, तेव्हा आपण हसतो की टोकतो?

तसे पाहिले तर पाहुणा कोण नाही? कोकणी मुसलमानांचे पूर्वज अरबी जहाजांवरून उतरले, इथल्या मुलींशी निकाह लावले, इथली बोली घरात आणली. भिवंडीचे मोमीन १८५७ नंतर उत्तरेकडून हातमाग खांद्यावर घेऊन आले. माझगावचे चिनी खलाशी त्याच वाटेने आले, इथे घर केले, इथल्या शाळांत शिकले. आपण घरचे झालो आणि ते पाहुणेच राहिले, यात त्यांचा कसूर काय? घरचे होणे एकट्याच्या हातात नसते. शेजाऱ्याने दार उघडावे लागते. हमसायाचा हक म्हणतात तो हाच. मागच्या बाकावरचा आमचा विद्यार्थी चुकून का होईना, बरोबर शब्दाजवळ पोचला होता.

मुंबईला जाणे झाले, तर मुलांना घेऊन डॉकयार्ड रोडला अवश्य उतरा. आणि एक विनंती आहे. कल्याण, मालेगाव, रत्नागिरी, महाड, कुठेही, आपल्या घरातल्या बुजुर्गांना विचारा, की त्यांनी चिनी दातवाला, रेशीमवाला किंवा बूटवाला पाहिला होता का, तो कसा बोलायचा, १९६२ नंतर त्याचे काय झाले. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून आमच्याकडे पाठवा. तो काळ पाहिलेली माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत, म्हणून हे काम याच महिन्यात करा.